चोविसावा गिअर

पूल कुठे गेला हे तिला कळेना. सायकल चालू होती, पाय फिरत होते, समोर औषधांच्या दुकानाची हिरवी पाटी होती, आणि ती पाटी तर पुलाच्या पलीकडची. म्हणजे पूल ओलांडून झाला होता. पण पुलाचा चढ, मधला लोखंडी सांधा, ज्यावरून जाताना हँडल दरवेळी तळहातांना टपली मारायचं, पाण्यावरून येणारा गार वारा, यातलं काहीच तिच्या अंगावर राहिलेलं नव्हतं. तिने एक पाय फुटपाथच्या कडेला टेकवून मागे पाहिलं. पूल जागच्या जागी होता. त्याच्यावरून माणसं सकाळच्या घाईने जात-येत होती. तोंडात नाणं चोखल्यासारखी चव आली होती. लागलं नव्हतं, कुणी काही बोललं नव्हतं, घड्याळातही सगळं ठीक होतं. विचारांच्या नादात रस्ता सरतो, सगळ्यांचंच होतं असं, असं तिने स्वतःला सांगितलं आणि पुन्हा पेडल मारलं. पण विचारांच्या नादात सरलेल्या रस्त्याच्या जागी निदान ते विचार तरी असतात. कालचं भांडण, फ्रीजमध्ये संपलेलं दूध, काहीतरी. इथे काहीच नव्हतं. शिवण उसवून मधलं कापड काढून घ्यावं आणि दोन्ही कडा परत शिवून टाकाव्यात, तसं झालं होतं.

हे तिने कुणालाच सांगितलं नाही. सांगायचं म्हटलं तर पहिल्यांदा नवऱ्याला सांगायला हवं होतं, आणि नवरा लिफ्ट तपासनीस होता. पंचवीस वर्षं तो इमारतींच्या डोक्यावरच्या खोल्यांत चढून दोर, ब्रेक आणि चाकं तपासत आला होता, आणि त्याचा एक नियम ती तोंडपाठ म्हणू शकली असती: विनाकारण एकदा थांबलेली लिफ्ट पुन्हा थांबणारच, तेव्हा कारण सापडेपर्यंत लिफ्ट बंद. राहणारे किती का कटकट करेनात, म्हातारी माणसं सहा-सहा मजले का चढेनात, तो दाराला कुलूप घालून पाटी लावायचा आणि शांतपणे जेवायला घरी यायचा. ती सकाळची सव्वा तासाची सायकल म्हणजे तिचं काय होतं, हे तिला त्याला कधी नीट समजावून सांगता आलं नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी, वडील अंथरुणाला खिळले त्याच्या दुसऱ्या वर्षी, तिने ती सायकल घेतली होती. कूस बदलायला ती, चमचा भरवायला ती, चादर ओढायला ती. सकाळी भाऊ येऊन बसायचा तेवढा सव्वा तास घराबाहेर कुणालाच तिच्याकडून काही नको असायचं. वडील गेले, भाऊ दुसऱ्या गावी गेला, पण तो तास तिने सोडला नाही. दिवसभरात तेवढाच वेळ आपण पूर्ण असतो असं तिला वाटायचं. आणि आता नेमक्या त्याच तासाला भोक पडलं होतं.

नवव्या दिवशी दुसऱ्यांदा झालं. या वेळी जाग आली ती पावांच्या व्हॅनच्या तोंडाशी. जाग हा शब्दही खरा नव्हता, कारण झोप नव्हतीच. चौक, तांबडा सिग्नल, हातभर अंतरावर पांढरा पत्रा, आणि करकचून दाबलेल्या ब्रेकचा वास. ड्रायव्हर खाली उतरला. तो ओरडला असता तर तिने माफी मागितली असती आणि विषय तिथेच संपला असता. पण तो ओरडला नाही. जरा जवळ येऊन, एखाद्याला ताप आहे का बघावं तसं तिच्या तोंडाकडे बघत म्हणाला, "मॅडम, तुम्ही माझ्याकडे बघत होता. बघत बघत आलात."

त्या दिवशी दवाखान्यात तिचं कामात लक्ष लागलं नाही. तिचं काम कान तपासायचं. काचेच्या बंद खोलीत माणसाला बसवायचं, कानांवर हेडफोन, हातात बटण, आणि बाहेरून एकेक आवाज सोडायचा, हळू, त्याहून हळू. ऐकू आला की बटण दाबा, एवढंच सांगायचं. त्या दिवशी एक निवृत्त मुख्याध्यापक होते. तिने आवाज सोडायचं थांबवलं तरी ते बटण दाबत राहिले, ठराविक अंतराने, मान ताठ, चेहऱ्यावर हुशार मुलाचं हसू. असे बरेच येतात. बहिरं ठरायचं नसतं त्यांना. ती कधी कुणाला टोकत नसे, तपासणी पुन्हा करायची एवढंच. पण त्या दिवशी काचेतून त्यांच्याकडे बघताना तिला शाळेतली तंद्री आठवली. खरं नाव काही वेगळं असेल, आता आठवत नाही, सगळ्या तिला तंद्रीच म्हणायच्या. मोठ्याने धडा वाचता वाचता ती शब्दाच्या मध्यावर थांबायची. डोळे उघडे, पुस्तक हातात, ओठ काहीतरी चघळल्यासारखे हलायचे, बोटं फ्रॉकचं बटण चाचपत राहायची. बाई खडू फेकून मारायच्या. खडू लागला तरी तिला कळायचं नाही, आणि मग एकदम, काहीच झालं नाही अशा थाटात, ती पुढचा शब्द वाचायची. वर्ग हसायचा. हीसुद्धा हसायची, चांगली पोट धरून. सातवीनंतर तंद्री शाळेत दिसली नाही, आणि कुठे गेली असं कुणी विचारलंही नाही. ते हसणं चाळीस वर्षांनी घशाशी आलं. आपल्याला काय होतंय ते आपल्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं, हे तिला त्या काचेपुढे मान्य करावं लागलं. मग तिने मुख्याध्यापकांच्या कानात एक खराखुरा आवाज सोडला. त्यांनी तो ऐकला नाही.

संध्याकाळी ती नवऱ्याला म्हणाली की रस्त्यावरची वाहनं फार झालीत, आता घरातच सायकल चालवावी म्हणते, सायकल जागेवर पक्की करून पाय मारायचे ट्रेनर मिळतात तसे. हे बोलताना ती भांडी पुसत होती, त्यामुळे त्याच्याकडे बघावं लागलं नाही. नवरा इतका खूश झाला की तिला अपराधी वाटलं. अकरा वर्षं तिचा परतायचा वेळ टळला की तो गॅलरीत येऊन उभा राहायचा आणि ती दिसली की आत जायचा, हे तिला माहीत होतं. दोन दिवसांत त्याने आलेखाच्या कागदावर रकाने आखले. वजन, आवाज, चढाची मर्यादा, किती वॅटपर्यंत ताकद मोजतो, दुमडतो की नाही. सासूबाईंनी कागद उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं की एवढे पाय मारून पोचायचं कुठे. कुठेच नाही, असं नवऱ्याने सांगितल्यावर त्या म्हणाल्या, मग मी तर सकाळपासून तिथेच आहे. तिघंही हसली. तिचं हसू जरा उशिरा थांबलं.

कागदावर पर्याय दोनच उरले होते. एका जातीच्या ट्रेनरमध्ये मागचं चाक सायकलला तसंच ठेवून त्याखाली एक रूळ लावतात. एक दांडा सैल केला की मिनिटभरात सायकल मोकळी. दुसऱ्या जातीत मागचं चाक काढूनच टाकायचं आणि चेन थेट यंत्राच्या चकतीवर चढवायची. त्यातल्या नव्या यंत्रांना तर गिअरसुद्धा नव्हते. मागे एकच चकती, चेन तिच्यावरून हलायची नाही, हँडलवर दोन बटणं. बटण दाबलं की आतली मोटर पायांवरचा भार कमी-जास्त करते. व्हर्च्युअल शिफ्टिंग. नवऱ्याचं मन त्याच्यावर बसलं होतं, कारण आवाज नाही, झिजायला काही नाही, खालच्या मजल्यावरच्यांची तक्रार नाही. ती मात्र पहिल्यावर अडून बसली. त्याने कारण विचारलं तर ती म्हणाली, खोटे गिअर नकोत मला. आवाजाचे आकडे तिला नवऱ्यापेक्षा जास्त कळत होते. रुळाचा घरघराट सासूबाईंच्या खोलीत, श्रवणयंत्र काढून ठेवलेल्या कानांनासुद्धा पोचेल हेही कळत होतं. खरं कारण एवढंच होतं की मिनिटभरात सायकल मोकळी व्हायला हवी होती. नवरा सकाळी सातला कामावर जायचा. सासूबाई आठपर्यंत उठायच्या नाहीत. मधला तास तिने मनातल्या मनात केव्हाच बाजूला काढून ठेवला होता. पूल टाळून जाऊ. चौक टाळून जाऊ. तळ्याकाठचा रस्ता मोकळा असतो. असं हिशेबी खोटं ती आयुष्यात पहिल्यांदा रचत होती, आणि ते रचताना तोंडात पुन्हा ती नाण्याची चव येते की काय, म्हणून ती दर थोड्या वेळाने जीभ टाळूला लावून बघायची.

रविवारी ती नवऱ्याबरोबर सायकलच्या दुकानात गेली तेव्हा दुकानदार, कॅप्टन, गुडघा धरून खुर्चीतून उठला. कधीकाळी तो शर्यतीच्या संघाचा कॅप्टन होता. आता एक पाय पूर्ण वाकत नव्हता, पण नाव राहिलं होतं. तिची सायकल अकरा वर्षं त्याच्याच हातची. त्याने दोन्ही यंत्रं मांडून ठेवली होती. नवऱ्याने कागद काढला आणि दोघं बोलत राहिले. ती रबराच्या आणि तेलाच्या वासात उभी राहून टांगलेल्या चाकांकडे बघत होती. मग कॅप्टन म्हणाला, ताई, या बटणवाल्यावर बसून तरी बघा, नाही आवडलं तर नाही. समोरच्या पडद्यावर एक डोंगरातला रस्ता होता, कुठल्याच देशातला नसलेला. तिने पाय मारायला सुरुवात केली. पहिल्या वळणानंतर चढ आला आणि पाय खरोखर जड झाले. तिने उजवं बटण दाबलं ते चुकीचं निघालं, आणखी जड झालं. डावं दाबलं, हलकं झालं. खट्ट नाही, चेनची उडी नाही, पायाखाली तो एक क्षणाचा रिकामा ठोका नाही. तरी मांड्यांनी ते गिअर म्हणून मानलं. पडद्याच्या कोपऱ्यात आकडा होता, अकरा, दहा, नऊ. मांड्या इतक्या लवकर फसतात याचा तिला राग आला, आणि रागाबरोबर, मोठ्या नाखुशीने, जरासं बरंही वाटलं. नवरा तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. झाडं सरकत होती. रस्ता डावीकडे वळत होता.

पाय दगडाचे झाले होते. ती सगळं वजन टाकून दाबत होती आणि पेडल मुंगीच्या गतीने खाली जात होतं. पडद्यावर रस्ता उजवीकडे वळत होता, झाडं संपून खडक आले होते. कोपऱ्यात आकडा होता चोवीस. यंत्र अडकलं, असं ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच कोरडा वाटला. तिने खाली पाहिलं. उजव्या हाताचा अंगठा बटणावर होता आणि अजून दाबत होता, हलकेच, पुन्हा पुन्हा, जसा तो तिचा नव्हताच. तिने तो ओढून घेतला.

"यंत्र ठीक आहे, ताई," कॅप्टन म्हणाला. "तुम्हीच दाबत होता." एवढं बोलून तो पाणी आणतो म्हणत आतल्या खोलीत गेला, आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

नवरा तिच्याकडे बघत होता. हा चेहरा तिने पूर्वी पाहिला नव्हता. तो म्हणाला, "मी तुला तीन हाका मारल्या." नवीन बटणांमुळे लक्ष नव्हतं असं सांगायला तिने तोंड उघडलं. वाक्य तयार होतं, चांगलं घोटलेलं होतं. पण पडद्यावर खाली एक रेघ सरकत होती, पायांची ताकद दाखवणारी, आणि त्या रेघेत एकोणीस सेकंदांचा एक तुकडा होता जो बाकीच्या रेघेसारखा नव्हता. तो भाग यंत्राने तिच्याशिवाय लिहून ठेवला होता. तिच्या डोळ्यांपुढे मुख्याध्यापकांचं हसू आलं. आपणही बटण दाबून बसलोय, असं तिला वाटलं. ती सायकलवरून उतरली नाही, तशीच बसून म्हणाली, "हे तिसऱ्यांदा."

मग तिने सगळं सांगितलं. पूल, व्हॅन, आणि ड्रायव्हर काय म्हणाला तेसुद्धा. मिनिटभरात मोकळ्या होणाऱ्या सायकलचंही सांगितलं, कारण अर्धंच सांगितलं असतं तर उरलेलं पुन्हा सांभाळावं लागलं असतं, आणि तेवढं बळ तिच्यात नव्हतं. सांगताना ती वाट बघत होती कुलपाची. तारीख, वेळ, आधी काय खाल्लं होतं, झोप किती, असे एकामागून एक प्रश्न येतील आणि शेवटी पाटी लागेल. नवरा टायरांच्या चळतीवर बसला. कागद त्याच्या हातात होता, त्याची त्याने बारीक घडी केली, परत उलगडली. मग त्याने विचारलं ते एवढंच, "घाबरलीस का गं?"

"नंतर घाबरले," ती म्हणाली. "तेव्हा कशी घाबरणार. तेव्हा मी नव्हतेच ना."

तिच्या घोट्याला चेनचं काळं तेल लागलं होतं, ते तो खाली वाकून आपल्या रुमालाने पुसत राहिला. तेल निघाल्यावरही पुसत होता.

पुढचे तीन आठवडे दवाखान्याचे. या वेळी ती काचेच्या आत होती. डोक्यावर तारा चिकटवल्या, डोळ्यांपुढे दिवा उघडझाप करत होता, आणि बाहेर कुणीतरी कागदावर उमटणाऱ्या रेषा वाचत होतं. मेंदूचे डॉक्टर तरुण होते आणि बोलताना पेन टेबलावर उभं करायचा प्रयत्न करत होते. त्यांनी सांगितलं की एका बाजूला जुना छोटा व्रण आहे, बहुधा लहानपणच्या तापाचा, त्यातून हे अपस्माराचे झटके येतात. गोळ्यांनी बहुतेकांचे थांबतात. रस्त्यावर सायकल एक वर्ष बंद, ते वर्षही शेवटच्या झटक्यापासून मोजायचं. पोहणं नाही, शिडीवर चढणं नाही. घरात एका जागी पक्की केलेली सायकल चालेल, कुणीतरी जवळ असेल तर. तिने विचारलं की त्या वेळात माणूस कुठे असतो. डॉक्टरांचं पेन पडलं. ते म्हणाले, याचं उत्तर माझ्याकडे नाही. हे ऐकून तिचा त्यांच्यावर विश्वास बसला.

यंत्र तिने स्वतः निवडलं, मागचं चाक काढायचं ते, एका चकतीचं. कॅप्टनला फोन करून तिने तसं सांगितलं तेव्हा नवरा शेजारच्या खोलीत होता, त्याने ऐकलं असेल, पण तो बाहेर आला नाही. चाक काढताना कॅप्टनने विचारलं की हे कुठे ठेवायचं. ती म्हणाली, तुमच्याकडेच टांगा, माझ्या डोळ्यांसमोर नको. घरात गॅलरीशेजारी सायकल उभी राहिली, चटईवर. पहिले दिवस फार वाईट गेले. यंत्र चांगलं होतं, तक्रारीला जागा नव्हती, आणि हीच तक्रार होती. वारा नव्हता. घाम तिथेच टपकायचा. उताराला लागलं की यंत्र पायांखालून भार काढून घ्यायचं, पण पोटात तो गोळा उठायचा नाही. नवरा एक तास उशिरा कामावर जायला लागला होता. तो खिडकीजवळच्या खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचायचा आणि दर थोड्या वेळाने, पान न उलटता, काहीतरी विचारायचा. आज डबा काय, किंवा आईच्या कानाच्या यंत्राचे सेल संपलेत का. उत्तर आलं की पुढे वाचायचा. तिला ते टोचायचं. एकदा ती मुद्दाम गप्प राहिली, फक्त बघायला. वर्तमानपत्र ज्या झटक्याने खाली आलं ते पाहिल्यावर तिने पुन्हा कधी तसं केलं नाही. गोळ्यांनी सकाळी डोकं कापसासारखं व्हायचं. झटका नव्हता. पण नसलेला झटकासुद्धा दिवसभर बरोबर असायचा, दाराआड उभ्या माणसासारखा. पडद्यावर रस्ता संपला की ती दरवेळी मागच्या रेघेवरून बोट फिरवून बघायची. सलग होती. सगळीकडे ती होती.

दोन महिने झाले असतील. एका रविवारी ती अंघोळ करून बाहेर आली तर नवरा सायकलजवळ उभा होता, एक हात सीटवर. त्याने विचारलं की मी जरा बसू का. तेव्हा तिला आठवलं की त्याला सायकल येत नाही. लग्नानंतर पहिल्याच वर्षी त्याने एकदा सांगितलं होतं, लहानपणी कुणी शिकवली नाही आणि मग वय गेलं, लाज वाटायला लागली. तेव्हा ती हसली होती. नंतर हा विषय कधी निघालाच नाही. एवढी वर्षं गॅलरीत उभा राहून हा माणूस आपल्याला येत नसलेल्या गोष्टीवरून बायको परत येण्याची वाट बघत होता.

तिने सीट खाली केली. तो चढला, दोन्ही हातांनी हँडल आवळून, खांदे कानापर्यंत वर. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवून सांगितलं की सैल सोड, ही पडत नाही. त्याने पाय मारले. पडद्यावरचा रस्ता हलला. त्याचा चेहरा हळूहळू सुटत गेला. पन्नाशी उलटलेला, कपाळावर केस विरळ झालेला माणूस तोंड अर्धवट उघडं ठेवून झाडांकडे बघत होता. चढ आला तसा तो अडखळला आणि विचारू लागला की आता कुठलं बटण, कधी दाबायचं. ती म्हणाली, मला विचारू नकोस, पायांना विचार. त्याने थोडं थांबून डावं दाबलं, आणि पाय हलके झाल्याबरोबर तिच्याकडे असं पाहिलं, जणू ते बटण त्यानेच शोधून काढलं होतं.

ती खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसली. खाली रस्त्यावरून तिघं सायकलवाले एकामागे एक चालले होते, मागचा पुढच्याला काहीतरी सांगत होता. ते वळेपर्यंत ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याच्या सदऱ्याच्या पाठीवर घामाचा पहिला डाग उमटला होता.

"एवढं सोपं असतं?" त्याने धापा टाकत विचारलं.

"नाही," ती म्हणाली.

तो पाय मारत राहिला. थोड्या वेळाने, तिच्याकडे न बघता, तो म्हणाला, "वर्ष झाल्यावर मला खरी शिकव. रस्त्यावर."

वर्ष हा शब्द त्याच्या तोंडून पहिल्यांदा आला होता, आणि तो शब्द मोजणाऱ्या माणसाच्या आवाजात आला नव्हता. चढ संपत आला होता. पुढचं वळण दिसत नव्हतं.

"पडशील," ती म्हणाली.

"पडेन की," तो म्हणाला, आणि बटण दाबलं.